वाळूवर वाजलेला फोन

मी चंद्रपुरात राहून कॉम्प्युटरचं काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे पुण्याला नाही जमलं का?" जमलं होतं. तिथे एका मोठ्या इमारतीत बसून मी एका परदेशी विमा कंपनीच्या स्क्रीनवरचं बटण डावीकडून उजवीकडे सरकवत असे. ते बटण दाबणारा माणूस मला कधी दिसला नाही. शेवटी कंटाळून परत आले. इथे माझं काम वापरणारा माणूस दिसतोच, आणि बिघडलं तर सरळ दारात येऊन भांडतो. मला ते आवडतं.

माझे अब्बा ब्रह्मपुरीला शिलाईचं दुकान चालवायचे. मी सोपचं काम करते असं घरी सांगितलं, तेव्हा त्यांनी मशीनवरून मान न उचलता विचारलं, "साबुन बेच रही क्या बेटा?" त्यांना तेव्हा जे समजावून सांगितलं, तेच इथे सांगते. पुढची हकिगत कळायला तेवढं पुरे आहे.

एका कार्यालयातल्या संगणकाला दुसऱ्या कार्यालयातल्या संगणकाकडून माहिती हवी असते. ती मागायची एक जुनी, शिस्तीची पद्धत आहे, तिचं नाव सोप. ठरलेल्या रकान्यांत प्रश्न लिहायचा, ठरलेल्या पाकिटात घालायचा, ठरलेल्या पत्त्यावर पाठवायचा. उत्तरही तसंच पाकिटातून येतं. नवी पोरं या पद्धतीला नाकं मुरडतात. पण जुन्या सरकारी आणि कारखान्यांच्या यंत्रणा अजून हिच्यावरच चालतात, आणि त्या चालतात म्हणून माझी चूलही चालते.

हे पाकीट हाताने लिहायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून माहिती देणारं कार्यालय एक वर्णनाची फाइल देतं. आम्ही कोणते प्रश्न घेतो, कोणते रकाने लागतात, उत्तर कोणत्या आकाराचं असेल, सगळं तिच्यात असतं. ती फाइल एका हत्याराला दिली की ते आपल्यासाठी कोड स्वतः लिहून देतं. त्याला आम्ही क्लायंट म्हणतो. ओळीच्या ओळी, आणि त्यातली एकही माणसाने लिहिलेली नाही. हाताखाली असा कारकून आयता मिळाला की माणूस निर्धास्त होतो.

या कामात गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. कोरपन्याकडच्या एका जिनिंगवाल्याने माझ्याकडून लिहून घेतलं होतं की त्याचा कापूस या पाकिटात घालून कुठेही पाठवला जाणार नाही. ब्रह्मपुरीचा एक राईसमिलवाला उत्तर यायला उशीर झाला की म्हणायचा, "मॅडम, थ्या सर्व्हिसवाल्याले एकदा इथी बोलवा. चहा पाजू, जेवण देऊ. माणूस ओळखीचा झाला की काम लवकर करते." तो माणूस नसून यंत्र आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग यंत्र ठेवणाऱ्याले बोलवा." सल्ला अगदीच वाया गेला नाही. पुढे जे घडलं त्यात मला तोच उपयोगी पडला.

गडचिरोलीच्या नियंत्रण कक्षातून मडावीबाईंचा फोन आला तो हिवाळ्यात. पुराची सूचना गावोगाव पोचवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्याकडचा प्रोग्राम असा होता: वरच्या अंगाच्या धरणाच्या कार्यालयाला तो थोड्या थोड्या वेळाने सोपचं पाकीट पाठवून विचारायचा, दारं उघडली का, पाणी किती सोडलं. सोडलं असेल तर नदीकाठच्या लोकांचे मोबाइल आपोआप वाजायचे आणि सूचना ऐकू यायची. बांधणारी कंपनी दुसरीच होती, ती काम सोडून गेली होती. पावसाळ्यात सगळं चोख चाललं होतं.

"मॅडम, तुम्ही एकदा याच," मडावीबाई म्हणाल्या. "इथी लोक बसून आहेत माह्यासमोर. त्यांचं ऐकून घ्या. मले त ते खरे वाटून राह्यले."

मी गडचिरोलीला गेले. कक्षाच्या ओसरीत बोरथडीचे ढिवर, म्हणजे नदीवर मासे धरणारी माणसं, बसली होती. बोरथडी म्हणजे मार्कंड्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या काठचं गाव. पावसाळा सरला, नदी आकसली की ही माणसं पात्रातल्या वाळूवर टरबुजाच्या, डांगराच्या म्हणजे खरबुजाच्या वाड्या लावतात. वाळूवरच झोपड्या घालतात आणि उन्हाळाभर तिथेच राहतात. म्हणजे ज्या दिवसांत बाकी जग नदीला विसरतं, नेमके त्याच दिवसांत ही माणसं नदीच्या कुशीत झोपलेली असतात.

त्यांच्यातल्या पार्वताबाई नागापुरे बोलायला पुढे झाल्या. साठीच्या आतबाहेरच्या, आवाज भारी. त्यांनी सांगितलं ते असं. थोड्याच दिवसांपूर्वीची गोष्ट, ऊन पडलेलं, आभाळ स्वच्छ, आणि अचानक पाणी आलं. वरून कुठल्याशा कारणाने सोडलं असावं. वाडी गेली, पाणी खेचायचं इंजिन गेलं. त्यांची सून तान्ह्या लेकराला घेऊन वाळूच्या उंचवट्यावर अडकली. दिराने डोंगा, म्हणजे लाकडी होडी, पाण्यात घातला म्हणून दोघं हाती लागली.

"आन् फोन?" मी विचारलं.

"वाजलाच नाई जी. साहेब म्हणते नेटवर्क नसन. नेटवर्क होतं. सून थ्याच फोनवरून रडून राह्यली होती, आमी आलो थे तिच्याच फोनवर."

"बंद पडला असेल मधे."

"सगळ्याइचाच बंद पडला का?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मागल्या साली त वाजला होता ना. असंच ऊन होतं. फोन आला, आमी सामान काढलं, पाणी आलं. औंदाच काऊन नाई वाजला?"

मडावीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधीच्या वर्षीचा तो फोन त्यांनाही आठवत होता. म्हणजे प्रश्न नेटवर्कचा नव्हता. जे काम एकदा झालं होतं ते मधे कधीतरी बंद झालं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी आत जाऊन कोड उघडला. वाचला तर सगळं बरोबर दिसत होतं. धरणाच्या सेवेला, म्हणजे उत्तरं देणाऱ्या त्यांच्या यंत्राला, विचारायच्या प्रश्नात एक ऐच्छिक रकाना होता: हंगामाबाहेर सोडलेलं पाणीही सांगा, होय की नाही. प्रोग्राममध्ये त्याच्यापुढे 'होय' स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी उत्तर रिकामं येत होतं. त्या दिवसाचं विचारलं तरी रिकामं. एरर नाही, तक्रार नाही. धरणाचं यंत्र नम्रपणे सांगत होतं की सांगण्यासारखं काही नाही.

अशा वेळी कोड वाचत बसण्यात अर्थ नसतो. आपण काय पाठवलं असं आपल्याला वाटतं, ते सोडायचं आणि तारेवरून खरोखर काय गेलं ते पाहायचं. मी जाणारं पाकीट मधेच अडवून उघडलं. त्यात तारीख होती, धरणाचं नाव होतं, आणि तो 'होय'वाला रकाना नव्हताच. कोरा नव्हे, मुळातच नव्हता.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या या हत्यारांची एक खोड आहे. रकाना ऐच्छिक असला की काही हत्यारं त्याच्यासाठी दोन गोष्टी तयार करतात. एक, रकान्यात काय लिहायचं. दुसरी, हा रकाना पाठवायचा आहे का, अशी वेगळी खूण. ती खूण आधीपासून 'नाही'वर असते. तुम्ही रकान्यात कितीही प्रेमाने 'होय' लिहा, खुणेला हात लावला नाही तर पाकिटात काही जात नाही. धरणाच्या यंत्राला तो रकाना मिळाला नाही की ते फक्त पावसाळी विसर्ग सांगायचं. म्हणून पावसाळ्यात सगळे खूश, आणि उन्हात नदी मुकी.

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. मागच्या वर्षी मग फोन कसा वाजला? आधीच्या कंपनीत हे काम करणाऱ्या अमोलचा नंबर मडावीबाईंकडे होता. तो आता दुसरीकडे होता, पण भला माणूस, लगेच बोलला.

"अहो, ती खूण मी 'होय' केली होती," तो म्हणाला. "त्या तयार झालेल्या फाइलमध्येच एक ओळ घातली होती हाताने."

"ती ओळ आता नाहीये."

त्याने जरा आठवून पाहिलं. मग म्हणाला, "मी सोडल्यावर धरणवाल्यांच्या सेवेचा पत्ता बदलला होता. कुणीतरी क्लायंट नव्याने तयार केला असणार."

तसंच झालं होतं. हत्याराने जुनी फाइल पुसून नवी लिहिली. अमोलने हाताने घातलेली ओळ हत्याराला काय ठाऊक? पत्ता बदलणाऱ्याने आपलं काम बरोबर केलं, अमोलने आपलं बरोबर केलं, धरणाच्या यंत्राने विचारलं तेवढं सांगितलं. आणि वाळूवर एक बाई तान्हं लेकरू घेऊन पाण्यात उभी राहिली.

आता राईसमिलवाल्याचा सल्ला. मी यंत्र ठेवणाऱ्याला गाठलं. धरणाच्या कार्यालयात सेवेचं काम बघणारे काळेसाहेब फोनवर भेटले. मी म्हटलं, "मी आता एक प्रश्न पाठवते. तुमच्या बाजूला काय पोचतं ते तुम्ही बघा." आधी आहे त्याच क्लायंटमधून पाठवला. ते म्हणाले, "हंगामाचा रकाना दिसत नाही." मग मी ती ओळ घातली आणि पुन्हा पाठवला. तारीख तीच, बोरथडीत पाणी आलं त्या दिवसाची.

"आला रकाना," काळेसाहेब म्हणाले. तोवर माझ्या स्क्रीनवर उत्तर उतरलं होतं. कोणती दारं, कधी उघडली, किती पाणी. सगळं तिथे होतं. त्या दिवशीही होतं, फक्त आमच्याकडून कुणी धड विचारलं नव्हतं.

मडावीबाई उठून ओसरीत गेल्या. मी दारातून पाहत होते. त्यांनी पार्वताबाईंसमोर उभं राहून सांगितलं, "तुमी खरं सांगितलं होतं बाई. फोन वाजला नव्हता. चूक इकडली होती." पार्वताबाईंनी नुसती मान हलवली आणि पदर सारखा केला. माझ्या कामाच्या आयुष्यात मी पुष्कळ प्रोग्राम चालू होताना पाहिले आहेत. त्या मान हलवण्याइतकं समाधान मला त्यातल्या कशानेच दिलं नाही.

ओळ सापडली म्हणजे काम संपलं असं नसतं. चालत्या यंत्रणेला हात लावायला वरच्या साहेबांची परवानगी लागत होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, सावध होते. म्हणाले, "पावसाळ्यात नीट चालतं ना? मग पावसाळ्याच्या तयारीच्या वेळी एकदमच बदलू."

मडावीबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्यात वाळूवर कोणी नसते. माणसं आत्ता आहेत."

साहेबांनी परवानगीचा कागद पुढे ओढून सही केली. मग म्हणाले, "करा. जबाबदारी माझी."

या वेळी मी ती ओळ तयार फाइलीत घातली नाही. वेगळ्या, आपल्या फाइलीत ठेवली, म्हणजे उद्या कुणी शंभरदा क्लायंट नव्याने तयार केला तरी ती शाबूत राहावी. वर एक तपासणी लिहिली: पाकिटात तो रकाना नसेल तर प्रोग्राम पुढे सरकणारच नाही आणि कक्षातल्या स्क्रीनवर लाल अक्षरं येतील. हत्याराने लिहिलेल्या कोडला कधी हात लावू नये, आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये, हे मी तेव्हापासून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

आणखी एक बदल मडावीबाईंनी सुचवला. फोनवर वाजणारी सूचना छापील मराठीत होती, 'नदीपात्रातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' अशी. त्या म्हणाल्या, "हे आयकून लोक कंपनीचा फोन समजून ठेवून देते." मग त्यांनी स्वतःच्या आवाजात सूचना भरली, एक इथल्या बोलीत आणि एक गोंडीत. गोंडीतली मला पूर्ण कळत नाही, पण ती ऐकली की माणूस उठून उभा राहील एवढं कळतं.

उन्हाळा लागता लागता वरच्या जिल्ह्यांत अवकाळी पाऊस सुरू झाला. आमच्याकडे थेंब नव्हता. मडावीबाईंनी मला फोन केला, "मॅडम, पाणी सोडतीन असं वाटून राह्यलं. वाळूवर सूचना आयकू येते का नाई, एकदा बघून याल का?" मी सकाळीच बोरथडीला पोचले.

वाळूवर पहिल्यांदाच गेले होते. पार्वताबाईंनी वाडी पुन्हा लावली होती, उशिराची, तरी वेल भरले होते. त्यांनी वाळूत बसवून टरबूज फोडलं. सून लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. आभाळ इतकं निळं होतं की माझंच मन म्हणत होतं, आज कसलं पाणी.

तेवढ्यात पार्वताबाईंच्या कमरेचा फोन वाजला. मग सुनेचा. मग पलीकडच्या झोपडीतला, त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता अख्ख्या वाळूवर फोन वाजायला लागले. पार्वताबाईंनी कानाला लावला. बाहेर मलाही ऐकू येत होतं, मडावीबाईंचा आवाज: "मी कंट्रोल रूममधून मडावीबाई बोलून राह्यली. वरून पाणी सोडलं आहे. नदीत असान त बाहेर निघा. आभाळाकडं पाहू नका. आत्ता निघा."

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. इतकी वर्षं मी पाकिटं पाठवत होते. ती दुसऱ्या टोकाला जाऊन काय करतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिलं.

पार्वताबाई उठल्या आणि त्यांनी हाक दिली. बायकांनी लेकरं उचलली, माणसांनी इंजिनाचे बोल्ट सोडले. मी आणि सुनेने शेळ्या हाकल्या. पाणी धरणातून यायला वेळ होता, पण कुणी रेंगाळलं नाही. एकटे गोविंदाभाऊ, पार्वताबाईंचे दीर, वाडीतून हलेनात. ज्यांनी हिवाळ्यात डोंगा घालून सुनेला वाचवलं होतं, तेच.

"उद्या टरबुजाचा तोडा होता माहा," ते म्हणाले. "एवढा माल टाकून कसा जाऊ? मी डोंगा घेऊन राहतो. मले पोहता येते."

पार्वताबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, तवा तुमी होते म्हणून सून भेटली. आज तुमी अडकले त डोंगा कोन घालन?"

गोविंदाभाऊंनी हातातल्या टरबुजाकडे पाहिलं. मग ते खांद्यावर मारलं, दुसऱ्या हाताने इंजिनाचं टोक धरलं आणि काठाकडे चालायला लागले. जाता जाता जेवढं उचलता आलं तेवढा माल सगळ्यांनी मिळून काढला. मीही ओढणीत दोन डांगरं बांधून आणली. काठावर टरबुजांचा ढीग झाला. सगळा माल आला नाही, निम्माही नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे. कोड कितीही चांगला लिहिला तरी वेल काही उचलून आणता येत नाहीत.

दुपार कलली तशी आधी नदीचा आवाज बदलला. मग वरच्या वळणावर वाळूचा रंग गडद होत आला. पाणी धावत आलं नाही, पसरत आलं. झोपड्यांच्या मेढींना भिडलं, वेलांवर चढलं, आणि आम्ही टरबूज खात बसलो होतो ती जागा बघता बघता दिसेनाशी झाली. काठावर सगळे उभे होते. पार्वताबाईंनी एकेकाचं नाव घेऊन हाक मारली आणि प्रत्येक नावाला ओ आली. सुनेने लेकराला छातीशी धरलं होतं, आणि ते पाण्याकडे बोट दाखवून हसत होतं.

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एका तरुण मुलाने मला डांगराची फोड आणून दिली, जशी काही तेवढीच माझी मजुरी.

तेवढ्यात मडावीबाईंचा फोन आला. मी तो पार्वताबाईंच्या हातात दिला.

"पाणी आलं का जी तिकडं?" पलीकडून मडावीबाई विचारत होत्या. आवाज घाबरलेला होता.

पार्वताबाईंनी नदीकडे एकदा पाहिलं.

"आलं ना बाई," त्या म्हणाल्या. "पन आमी तिथी नव्हतो."